अनुदान मागाहून, उद्योग आधी

(स्वयंरोजगाराची वाट धरू इच्छिणारे तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



जिल्हा उद्योग केंद्राच्या कचेरीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या तरुणाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘‘साहेब, सध्या कशाला सबसिडी आहे?’’ आपल्याला काय बनवता येते, ते कोण विकत घेईल, हाताशी पैसा किती, घरातले कोण मदतीला उभे राहील, हे प्रश्न मागाहून येतात. कित्येकदा येतच नाहीत. मसाल्याला अनुदान आहे असे कानावर आले की मसाला, पत्रावळीला आहे असे कळले की पत्रावळी. मग एकाच पंचक्रोशीत एकाच वर्षी चार ठिकाणी तीच यंत्रे बसतात आणि काही दिवसांनी त्यांतली निम्मी ताडपत्रीखाली झाकलेली दिसतात. हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल.

दोष केवळ त्या तरुणाला देऊन भागणार नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांमध्ये नोकरी म्हणजे स्थैर्य आणि धंदा म्हणजे जुगार, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. मुलाने धंद्याचे नाव काढले की वडील घराची कागदपत्रे कपाटात आणखी आत सरकवतात. अशा वेळी ‘सरकारची योजना आहे’ हे तीन शब्द मोठा आधार वाटतात. शासनाने हात लावला म्हणजे धंदा सुरक्षित झाला, असे घरच्यांना वाटू लागते. वस्तुतः शासन अनुदान देते, कर्जाची हमी घेते, प्रशिक्षण देते. गिऱ्हाईक मात्र देत नाही. ते ज्याचे त्यालाच मिळवावे लागते.

म्हणून आज योजनांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा त्या योजनांकडे कोणत्या क्रमाने जावे, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल. आणि हा क्रम समजावा यासाठी मुंबईच्या गिरगावातील एका गच्चीपर्यंत जाऊन येऊ.

ऐंशी रुपयांचे कर्ज

दि. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकी एक. पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्या दिवशी जवळ भांडवल होते ८० रुपये, आणि तेही उसने. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकाने ते दिले होते. छगनबाप्पा म्हणून ते ओळखले जात. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने ती घेतली.

येथे दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ते ८० रुपये दान नव्हते, कर्ज होते. तोटा झाला तरी देणगीसाठी कोणापुढे हात पसरायचा नाही, असा त्या स्त्रियांनी निश्चय केला होता. दुसरी गोष्ट छगनबाप्पांची. पैसे देऊन हा गृहस्थ बाजूला झाला नाही. सुरुवातीला या भगिनी दोन प्रतीचे पापड करीत. एक चांगला आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधीही तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवा आणि हे काम धंदा म्हणूनच चालवा, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या भाषेत यालाच ‘मेंटॉरिंग’ म्हणतात. मराठीत मार्गदर्शन म्हणावे, तर त्या शब्दाला आता सभा-समारंभांचा वास येऊ लागला आहे. छगनबाप्पा करीत होते ते त्याहून जास्त होते. ते पाठीशी उभे होते आणि वेळप्रसंगी कानही धरीत होते.

पहिल्या वर्षी पावसाळ्याने घात केला. पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाट आणली, खाटेवर पापड पसरले, खाली स्टो पेटवला. प्रश्न सुटला. यासाठी कोणतेही अनुदान लागले नाही, कोणते यंत्र लागले नाही. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये.

मग शासन केव्हा आले? १९६६ साली. खादी व ग्रामोद्योग आयोगाने या कामाला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, खेळत्या भांडवलासाठी आठ लाख रुपये दिले, करांत सवलती मिळाल्या. म्हणजे काम सुरू होऊन सात वर्षे लोटल्यावर. तोपर्यंत माल ठरला होता, प्रत ठरली होती, गिऱ्हाईक बांधले गेले होते, हिशेबाची वही भरलेली होती. त्या पायावर आठ लाख रुपये पडले आणि त्यांचे सोने झाले. हेच आठ लाख पहिल्या दिवशी त्या गच्चीवर पडते तर ‘लिज्जत’ हे नाव आज आपल्या जिभेवर असते की नाही, याची शंकाच आहे.

याच्याही अर्धशतक आधी, स्वदेशीच्या चळवळीच्या काळात, अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. सरकार परके होते. अनुदानाचा प्रश्नच नव्हता. पण पैसा जमवणाऱ्यांनी पैशाबरोबर विद्येचाही विचार केला. त्या कारखान्यात काच बनवण्याचे शिक्षणही दिले जाई. भांडवल आणि विद्या या दोन्ही गोष्टी समाजाने एकत्र पुरवल्या.

अनुदानाचा खरा हिशेब

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. सर्वांत अधिक विचारली जाणारी योजना म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजेच ‘पीएमईजीपी’. १९९३ पासून चालत आलेली पंतप्रधान रोजगार योजना आणि ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम यांचे एकत्रीकरण करून २००८ साली ती सुरू झाली. खादी व ग्रामोद्योग आयोग, राज्याचे खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्यामार्फत ती राबवली जाते. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी तिला १३,५५४ कोटी रुपये मंजूर झाले होते. योजनांना अशी मुदत असते, मुदत संपता संपता अटी बदलतात, कधी नावही बदलते. तेव्हा शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नये. अर्ज करण्याच्या दिवशी काय लागू आहे, हे संबंधित कचेरीतून ताडून घ्यावे.

२०२२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार तिची चौकट अशी : उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवेचा २० लाखांपर्यंत. सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ टक्के व ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, माजी सैनिक, दिव्यांग इत्यादींना अनुक्रमे २५ व ३५ टक्के. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही. योजना नव्या उद्योगासाठी आहे. चालू असलेल्या धंद्याला तिच्यातून प्रथम कर्ज मिळत नाही.

हे आकडे सांगणारे पुष्कळ भेटतात. पुढचा हिशेब मात्र फारसे कोणी मांडत नाही. समजा, सातारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात सर्वसाधारण गटातील तरुणाने १० लाखांचा प्रकल्प मांडला. त्याचे स्वतःचे १ लाख. बँक मंजूर करते ९ लाख. अनुदान २५ टक्के, म्हणजे अडीच लाख. हे अडीच लाख त्याच्या हातात पडत नाहीत. ते बँकेत त्याच्या नावाने तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते. उद्योग जागेवर चालू असेल तर ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. म्हणजे व्याज चालते साडेसहा लाखांवर. दर ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली तर दरमहा हप्ता येतो सुमारे १४,१०० रुपये. अनुदान नसते तर नऊ लाखांवर तो सुमारे १९,६०० आला असता.

अनुदानाचे खरे मोल या दोन आकड्यांच्या फरकात आहे : महिन्याला साडेपाच हजारांचा भार हलका होणे. ही मदत लहान नाही, नाकारण्यासारखी तर मुळीच नाही. परंतु राहिलेले चौदा हजार दरमहा कोण देणार? सासऱ्यांची निवृत्तीची रक्कम देणार, की धंद्यातला नफा देणार? ज्या धंद्यातून वीज, भाडे, मजुरी, कच्चा माल आणि घरखर्च भागवून चौदा हजार उरत नाहीत, त्या धंद्याला पस्तीस टक्के अनुदान मिळाले तरी तो तरणार नाही. हे गणित वहीच्या एका पानावर मांडता येते. ते मांडल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नये.

मुद्रा योजनेविषयीही असाच गैरसमज आहे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अनुदान नाही. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. आणि तरुण गटातील कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा वरचा टप्पा आला. तिचा मोठा गुण असा की, तारण मागितले जात नाही. लघुउद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावले होते. त्याच्या पुढच्या रकमेसाठी भारत सरकार आणि सिडबी यांनी २००० साली उभारलेला पतहमी न्यास आहे. कर्जदार बुडाला तर बँकेच्या नुकसानीचा मोठा भाग हा न्यास सोसतो. त्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंत वाढली. तेव्हा घर गहाण ठेवल्याशिवाय कर्जच नाही, असे कोणी सांगितले तर ‘सीजीटीएमएसई’ या हमीखाली कर्ज का देता येत नाही, असा प्रश्न विनयाने पण स्पष्टपणे विचारावा. हमी बँकेला असते, कर्जदाराला माफी नसते, हेही लक्षात असू द्यावे.

पारंपरिक कारागिरांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, नाभिक असे १८ व्यवसाय तिच्यात आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. रक्कम लहान आहे, पण रचना शहाणपणाची आहे. आधी कौशल्य, मग अवजार, मग थोडे कर्ज, आणि पत सिद्ध झाल्यावर अधिक कर्ज. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची पद्धतही याच वळणाची आहे. बँकेचा हप्ता वेळेवर भरा, व्याजाची रक्कम महामंडळ परत करील. हप्ता चुकवणाऱ्याला त्यात स्थान नाही.

सही कोणाची, काम कोणाचे

दोन गोष्टी कुटुंबप्रमुखांसमोर थोड्या कठोरपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे घरातील स्त्रीच्या नावाने केलेले अर्ज. महिलेला ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा अवघा ५ टक्के, म्हणून अर्ज सुनेच्या किंवा पत्नीच्या नावाने केला जातो. धंदा दुसराच कोणी चालवतो. तिला यंत्राचे नाव ठाऊक नसते, खात्यात किती पैसे आले ते ठाऊक नसते. पण कर्जाच्या करारावर सही तिची असते. हप्ते थकले की नोटीस तिच्या नावाने येते आणि बँकांच्या पतनोंदीत काळी रेघ तिच्या नावापुढे पडते. उद्या तिला स्वतःला शिलाईचे दुकान काढावेसे वाटले तर त्याची वाट बंद झालेली असते. शासनाने स्त्रीला जादा सवलत दिली ती तिने उद्योजिका व्हावे म्हणून. घराचा अंगठा व्हावे म्हणून नव्हे. ती खरोखरच धंदा करणार असेल तर तिच्या नावाने अवश्य अर्ज करावा, आणि मग धनादेशावरची सहीही तिचीच असू द्यावी.

दुसरी गोष्ट मध्यस्थांची. पीएमईजीपीचा अर्ज ऑनलाईन आहे आणि त्याला शुल्क नाही. या योजनेसाठी कोणताही दलाल नेमलेला नाही, हे योजना राबवणाऱ्या आयोगानेच जाहीर केलेले आहे. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून विनामूल्य आहे. तरीही ‘फाईल पास करून देतो’ म्हणून टक्केवारी मागणारे गावोगाव भेटतात. प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्या व्यावसायिकाला त्याच्या श्रमाचे रास्त मोल द्यावे; त्यात गैर काही नाही. परंतु ‘अनुदानाचे दहा टक्के’ अशी बोली झाली की तेथून उठावे.

याहून घातक प्रकार आहे फुगवलेल्या दरपत्रकाचा. सहा लाखांच्या यंत्राचे नऊ लाखांचे कोटेशन आणायचे, वरचे तीन लाख पुरवठादाराकडून रोख परत घ्यायचे, त्यातूनच ‘स्वतःचा वाटा’ भरल्याचे दाखवायचे. युक्ती नामी वाटते. प्रत्यक्षात जे यंत्र जागेवर नाहीच त्याच्यासाठी पाच वर्षे व्याज भरावे लागते. घरी आलेली रोकड लग्नात किंवा गाडीत संपून जाते, हप्ता मात्र नऊ लाखांच्या हिशेबाने चालू राहतो. नीतीचा प्रश्न आहेच. पण निव्वळ व्यवहार पाहिला तरी हा मूर्खपणाचा सौदा आहे.

छगनबाप्पा कोठे भेटतील?

पैशाच्या योजनांना जाहिरात असते. शिकवणाऱ्या आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या व्यवस्थांना ती नसते. म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि खरी उणीव तर तेथेच आहे.

कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे येथे १९८२ साली एक प्रयोग सुरू झाला. धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने मंदिर न्यास आणि दोन बँका यांनी मिळून ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे निवासी शिक्षण देणारी संस्था काढली. शिक्षण मोफत, राहणे-जेवण मोफत, आणि शिकून बाहेर पडल्यावरही पाठपुरावा. एका देवस्थानाच्या अंगणात रुजलेला हा प्रयोग इतका फळला की केंद्र सरकारने तोच नमुना देशभर नेला. जिल्ह्या-जिल्ह्यात बँकांनी चालवलेल्या ‘आरसेटी’ या संस्था म्हणजे त्याचाच विस्तार. शेळीपालन, शिवणकाम, मोटार दुरुस्ती, मोबाईल दुरुस्ती, खाद्यप्रक्रिया असे अभ्यासक्रम तेथे चालतात आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे विचारपूस होते. संस्था बँकेचीच असल्याने कर्जाच्या अर्जाला वाट सोपी होते. ग्रामीण भागातील किती पालकांना आपल्या जिल्ह्याची आरसेटी कोठे आहे हे ठाऊक असेल?

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून काम करीत आहे. त्याचे मुख्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. उद्योजकतेचे प्रशिक्षण हे त्याचे मुख्य काम. त्याच शहरातील इंडो-जर्मन टूल रूममध्ये यंत्रकामातील बारीक कौशल्ये शिकवली जातात आणि लहान कारखानदारांना साचे व हत्यारे बनवून मिळतात. अन्नप्रक्रियेच्या लहान उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाबरोबरच जिल्ह्यासाठी संसाधन व्यक्ती नेमण्याची तरतूद केली गेली. प्रकल्प अहवाल, बँकेचे प्रकरण, परवाने यांत अर्जदाराला साहाय्य करणे हे तिचे काम, आणि तिचे मानधन शासनाने द्यायचे, अर्जदाराने नव्हे. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभागाकडे आहे. त्यामुळे लोणची-पापड करणाऱ्या बचत गटाने उद्योग खात्याऐवजी कृषी कार्यालयाचे दार ठोठवायचे असते, हे अनेकांच्या गावीही नसते. खासगी क्षेत्रात भारतीय युवा शक्ती ट्रस्टने १९९२ पासून एका नवउद्योजकामागे एक अनुभवी मार्गदर्शक ही रीत ठेवली आहे.

तरीही संस्था संस्थाच असते. कचेरी पाच वाजता बंद होते. धंद्यातला पेच मात्र रात्री दहाला पडतो. उद्या मजुरी द्यायची आहे आणि गिऱ्हाइकाचा धनादेश वटलेला नाही. त्या वेळी दूरध्वनी कोणाला करायचा? येथे आपल्यासारख्या समाजाची परीक्षा आहे. प्रत्येक शहरात, प्रत्येक मोठ्या गावात निवृत्त शाखाधिकारी आहेत, ज्यांनी तीस-तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासली. सनदी लेखापाल आहेत. कारखाना मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले उद्योजक आहेत. वर्गणी मागितली तर यांतला कोणीही नाही म्हणणार नाही. पण त्यांची वर्गणी नको, महिन्यातले दोन शनिवार हवेत. एकाने एकच तरुण घ्यावा. त्याची वही पाहावी, उधारी किती थकली ते विचारावे, बँकेत पहिल्या भेटीला त्याच्याबरोबर जावे, आणि धंदा चालणार नसेल तर यंत्र घेण्यापूर्वीच त्याला तोंडावर तसे सांगावे. हे शेवटचे काम सर्वांत कठीण आणि सर्वांत उपकाराचे आहे.

गिऱ्हाईक आणि थकलेली बिले

अनुदानापेक्षा मोठी मदत म्हणजे विकला गेलेला माल. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणाने केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांना लघुउद्योगांकडून ठराविक हिस्सा घेणे बंधनकारक केले. पुढे २०१८ मध्ये तो २५ टक्क्यांवर नेला. त्यांत ३ टक्के महिला उद्योजकांसाठी, ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राखीव. निविदेची अनामत रक्कमही उद्यम-नोंदणीकृत उत्पादकाला भरावी लागत नाही. लाभ दुकानदारीला नाही, उत्पादनाला व सेवेला आहे.

माल विकला गेला तरी पैसे वेळेवर येतातच असे नाही. चालते लघुउद्योग मरतात ते पुष्कळदा येथे. मोठी कंपनी माल उचलते आणि चार-चार महिने बिल अडवून ठेवते. छोटा कारखानदार पुढची ऑर्डर जाईल या भीतीने गप्प राहतो. २००६ च्या कायद्याने त्याला हक्क दिला आहे. करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. ‘समाधान’ या सरकारी संकेतस्थळावर २०१७ पासून तक्रार नोंदवता येते आणि राज्यशासनाने नेमलेली परिषद तिचा निवाडा करते. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधी झालेली असावी. अनुदानासाठी दहा चकरा मारणारा माणूस या विनामूल्य नोंदणीसाठी दहा मिनिटे काढत नाही, हे नवल आहे. एकट्याला तक्रारीची भीती वाटत असेल तर तेथे उद्योजकांची स्थानिक संघटना कामाला येते.

राहता राहिला प्रश्न अर्ज नामंजूर होण्याचा. तो पहिल्याच फेरीत नामंजूर झाला म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. बँकेत जाण्यापूर्वीच आपला पतअहवाल पाहून घ्यावा. प्रत्येक पतमापन कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कोठे तरी मित्राला जामीन राहिलेले, विसरलेले कर्ज त्यात निघते आणि नकाराचे मूळ तेथेच सापडते. तसे काही नसूनही नकार आला तर कारण लेखी मागावे. कारण अहवालातील त्रुटीचे असेल तर ती दुरुस्त करून पुन्हा जावे. कारणच दिले जात नसेल, किंवा अनुदानाच्या प्रकरणात बँक उगीच तारण मागत असेल, तर जिल्ह्यात अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक बसतो. १९६९ पासून ही व्यवस्था आहे आणि जिल्ह्यातील सर्व बँकांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या बैठका त्याच्याकडून होतात. त्याच्याकडे अर्जाची प्रत, नकाराचे पत्र आणि तो वहीच्या एका पानावर मांडलेला चौदा हजारांचा हिशेब घेऊन जावे. सोबत एखादा निवृत्त शाखाधिकारी असेल तर फारच उत्तम.